सिंक्रोस्कोपचा काटा बाराला असतानाच ब्रेकर मारतो, तरी दणका का बसतो?

ऊसपट्टा:
साखर कारखान्याच्या कोजनला (वीजनिर्मिती विभागात) शिफ्ट इंजिनिअर आहे. ११ केव्ही, १५०० आरपीएमचा अल्टरनेटर. मशीन आपोआप जुळवून ग्रिडला जोडणारा ऑटो सिंक्रोनायझर बंद पडलाय, म्हणून हातानेच मशीन ग्रिडला घेतोय. व्होल्टेज जुळतं, रीडच्या फ्रिक्वेन्सी मीटरवर दोन्हीकडे ५० हर्ट्झ दिसतं. सिंक्रोस्कोपचा, म्हणजे मशीन आणि ग्रिडमधला कोन दाखवणाऱ्या मीटरचा, काटा दोन-तीन सेकंदांत एक फेरा घेतो, बाराला (कोन शून्य) आला की ब्रेकरचा स्विच फिरवतो. तरी गिअरबॉक्समधून दण्ण आवाज येतो, कधी रिव्हर्स पॉवरवर (वीज उलटी मशीनकडे आल्याने) ट्रिपही होतं. चुकीच्या वेळी ब्रेकर लागू न देणारा चेक-सिंक रिले पहिल्यापासून बायपासला आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना टर्बाइनवाला:
आधी तो बायपास काढा. बाकीचं सगळं त्यानंतर.

तुम्ही काट्याची जागा बघताय, वेग बघत नाही. दोन सेकंदांत एक फेरा म्हणजे सेकंदाला १८० अंश. तुमचा हात आणि ब्रेकर मिळून पाव सेकंद गेला, की काटा ४५ अंश पुढे. म्हणजे ब्रेकर लागतो तेव्हा काटा दीड वाजल्याच्या जागी असतो! साधारण १० अंशांच्या आत लागायला हवा, घड्याळावर ती दोन मिनिटंसुद्धा होत नाहीत. त्या दणक्याचा सगळा मार कपलिंग, गिअरचे दात आणि वाइंडिंगची टोकं खातात. लगेच काही दिसत नाही, पण तडा आत वाढत राहतो.

रीडच्या मीटरवर विसंबू नका, त्याचं ५० म्हणजे ४९.८ही असतं आणि ५०.२ही. गव्हर्नरचं (टर्बाइनचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेचं) रेझ-लोअर अगदी टिचक्या मारत द्या आणि फेऱ्याला १५ सेकंद लागेपर्यंत थांबा. तेव्हा तुमचं मशीन ग्रिडपेक्षा जेमतेम २ आरपीएम पुढे असतं. काटा फास्टच्या बाजूलाच फिरायला हवा, म्हणजे ब्रेकर लागताच मशीन थोडा लोड उचलतं. स्लो बाजूने घेतलंत तर ग्रिडच मशीनला ओढते. तुमचं रिव्हर्स पॉवर तिथूनच येत असणार. बाराला एक मिनिट कमी असताना स्विच फिरवा. व्होल्टेजही ग्रिडपेक्षा किंचित वर ठेवा.

काटा बाराला थांबलेला दिसला तर बरेच जण खूश होऊन ब्रेकर मारतात. मी कधीच मारू दिला नाही. काटा अडकलेलाही असू शकतो. तो फिरताना दिसला पाहिजे.

लाइनवरचा:
लाइन जोडताना वेगळा प्रकार असतो. दोन्ही टोकं आधीच एका ग्रिडमध्ये असतील तर फ्रिक्वेन्सी एकच, काटा एखाद्या कोनात नुसता उभा राहतो. सबस्टेशनमध्ये गव्हर्नर कुठून आणणार? लोड डिस्पॅचला सांगून कुठेतरी जनरेशन कमी-जास्त करून घ्यायचं, तेव्हा कोन उतरतो. दोन ग्रिड वेगळ्या असतील तर काटा फिरतो. दक्षिणेची ग्रिड बाकी देशाशी अशीच जोडली गेली, ३१ डिसेंबर २०१३ला, सोलापूर–रायचूर ७६५ केव्ही लाइनवर. त्याआधी आपल्याकडून दक्षिणेला वीज जायची ती भद्रावतीच्या एचव्हीडीसीतून (वीज डीसी करून पलीकडे देणाऱ्या जोडणीतून), तिथे कोन जुळवायचा प्रश्नच नव्हता.

ऊसपट्टा:
काका, काल काटा १५ सेकंदांवर आणून घेतलं. आवाज नाही, ट्रिप नाही. पण बायपास काढला तर चेक-सिंक परवानगीच देत नव्हता, म्हणून परत टाकावा लागला. उन्हाळ्यात बसचा (ब्रेकरच्या ग्रिडकडच्या मुख्य पट्ट्यांचा) पीटी, म्हणजे मीटर-रिलेंना व्होल्टेज कमी करून देणारा ट्रान्सफॉर्मर, बदलला होता.

जुना टर्बाइनवाला:
मग पुढचं सिंक करूच नका. पीटी बदलल्यावर रिलेची वायर उलटी लागलेली असू शकते. सिंक्रोस्कोप एकाच फेजवर चालतो, फेज सिक्वेन्स (तीन फेजांचा क्रम) त्याला कळत नाही. शटडाऊन घ्या, बस ग्रिडपासून पूर्ण सोडवा, मग त्या मेलेल्या बसवर तुमचं मशीन घ्या. आता दोन्ही पीटींना एकच व्होल्टेज मिळतंय, काटा बाराला थांबलाच पाहिजे आणि रिलेने परवानगी दिलीच पाहिजे. नाही दिली तर पीटीचे सेकंडरी फ्यूज आधी बघा, मग टर्मिनल ब्लॉकवर एकेक वायर. फेज सिक्वेन्स मीटर दोन्ही पीटींना लावा. टेस्टिंगवाले समोर असू द्या.