सेफ आणि सिक्युअर: दोन्ही 'सुरक्षित'च का?

अर्धविराम
विजेवर चालणाऱ्या कुलपाच्या माहितीपुस्तिकेचं भाषांतर करतोय. एका पानावर शेजारी शेजारी दोन आकृत्या आहेत. एकीखाली 'फेल-सेफ', दुसरीखाली 'फेल-सिक्युअर'. पहिल्या प्रकारात वीज गेली की कुलूप उघडतं, दुसऱ्यात वीज गेली तरी ते बंदच राहतं. काल रात्री पेंगत पेंगत दोन्हींखाली 'बिघाड-सुरक्षित' लिहून मोकळा झालो. सकाळी वाचतो तर एकाच नावाची दोन कुलपं, एक उघडं आणि एक बंद! शब्दकोश म्हणतो सेफ म्हणजे सुरक्षित, सिक्युअर म्हणजेही सुरक्षित. 'सुरक्षितता' आणि 'सुरक्षा' अशी वाटणी करून पाहिली, पण ती फक्त मलाच कळते. काहीतरी सुचवा. चौकटीत दोन-तीन शब्दांपलीकडे मावत नाही.

तिरकस
दोन्ही सुरक्षितच की. एकात माणूस, दुसऱ्यात माल.

खटपट्या
तिरकसांनी थट्टेत नेमकं सांगितलं. मी ही कुलपं बसवतो. चुंबकी कुलूप जन्मजात फेल-सेफ. चुंबकात वीज आहे तोवर दारावरची लोखंडी पट्टी धरून ठेवणार, वीज गेली की पकड सुटली. आग लागली तर लोक अडकू नयेत म्हणून ते बाहेर पडायच्या वाटेवर लावतात. फेल-सिक्युअर लागतं भांडाराला, सर्व्हर रूमला. तिथे वीज गेली तरी बाहेरून दार उघडत नाही, आतला माणूस मात्र मूठ फिरवून बाहेर येतो. दोन्हींना एकच नाव दिलंत तर कधीतरी चुकीच्या दाराला चुकीचं कुलूप बसेल. आमची पोरं 'पॉवर गेली की उघडं' आणि 'पॉवर गेली की बंद' म्हणतात. तेच लिहा.

जुनी वही
'पॉवर' कशाला? आपल्याकडे 'क्षेम' हा सुंदर शब्द धूळ खात पडला आहे. गीतेच्या नवव्या अध्यायातला 'योगक्षेम' आठवा. योग म्हणजे नसलेलं मिळणं, क्षेम म्हणजे मिळालेलं टिकणं. तेव्हा 'विफल-क्षेम' आणि 'विफल-रक्षित'. किंबहुना सेफ हा शब्द क्षेमवरूनच गेला असावा. उच्चार करून पाहा.

दवबिंदू
केला. नाही गेला. सेफ आला लॅटिन 'साल्वुस'वरून, फ्रेंचच्या वाटेने. साल्वुस म्हणजे अखंड, धडधाकट. त्याचं संस्कृतातलं भावंड क्षेम नव्हे, 'सर्व'. सिक्युअरमध्ये 'से' म्हणजे विना आणि 'कूरा' म्हणजे काळजी, म्हणजे बिनघोर. त्याच शब्दाचं फ्रेंच तोंडात झिजलेलं रूप इंग्रजीत 'शुअर' म्हणून नांदतंय. मुळात सेफ शरीराबद्दल बोलतो आणि सिक्युअर मनाबद्दल. मराठीत ही जोडी आहेच: सुखरूप आणि निर्धास्त. आपण सुखरूप पोचतो आणि मग निर्धास्त झोपतो.

तिरकस
वीज गेल्यावर निर्धास्त झोपणारं कुलूप. घेतो मी एक.

पाटीपेन्सिल
मी सबटायटल्स करते. एका मालिकेत नायिका मैत्रिणीला म्हणते, 'आय ॲम इनसिक्युअर.' मी लिहिलं, 'मी असुरक्षित आहे.' तपासणाऱ्या बाईंनी शेरा मारला: 'कोणापासून? मागच्या दृश्यात हिच्या मागे कोणी लागलेलं नाही.' बरोबर होतं त्यांचं. 'माझाच माझ्यावर भरवसा नाही' असं केलं आणि वाद मिटला.

तेव्हापासून मी वाचवण्याच्या बाजूने शब्द शोधत नाही, संकटाच्या बाजूने शोधते. तिकडे मराठीने फरक केव्हाच करून ठेवलाय: अपघात आणि घातपात. अपघातापासून वाचवते ती सेफ्टी, घातपातापासून वाचवते ती सिक्युरिटी. गच्चीचा कठडा पहिल्यासाठी, दारावरचा पहारा दुसऱ्यासाठी.

खटपट्या
+१. हे मी आमच्या पोरांना सांगणार.

तिरकस
मग इंग्रजीत तिजोरीला 'सेफ' का म्हणतात? तिजोरी काही अपघाताने फुटत नाही. आणि कर्जाला तारण देतो तीही सिक्युरिटी, बाजारातले रोखे तेही सिक्युरिटी. त्यात घातपात कुठला? (असतो म्हणा कधीकधी.)

दवबिंदू
तारणाचं कोडं 'बिनघोर'ने सुटतं. सावकाराचा घोर मिटवणारी वस्तू ती सिक्युरिटी. तिजोरीपुढे मात्र हात टेकले. घातपाताची कसोटी आवडली, पण 'सोशल सिक्युरिटी'ला ती लागत नाही. म्हातारपण हा अपघातही नाही आणि घातपातही नाही.

पाटीपेन्सिल
कसोटी म्हटलं मी, कायदा नाही. दहांतल्या आठांना लागली तरी माझं काम होतं.

खटपट्या
दोन्ही एकमेकींच्या आड कशा येतात ते विमानाच्या दारावरून बघा. २००१ च्या सप्टेंबरातल्या अपहरणांनंतर वैमानिकांच्या कक्षाची दारं भक्कम केली, बाहेरच्याला आत घुसता येऊ नये म्हणून. २०१५ च्या मार्चमध्ये सहवैमानिकाने तेच दार आतून बंद केलं, कप्तान बाहेर दार ठोकत राहिला आणि विमान आल्प्सच्या डोंगरावर आदळलं. १५० माणसं गेली. सिक्युरिटीसाठी केलेलं दार सेफ्टीच्या मुळावर आलं. हे वाक्य 'सुरक्षा' हा एकच शब्द वापरून लिहून दाखवा.

तिरकस
'सुरक्षेसाठी केलेलं दार सुरक्षेच्या मुळावर आलं.' वाईट नाही. वर्तमानपत्रात मथळा म्हणून खपेल.

दवबिंदू
विमानवाल्यांनी ही खाती वेगळीच ठेवली आहेत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या करारात सतरावं परिशिष्ट सिक्युरिटीचं, एकोणिसावं सेफ्टीच्या व्यवस्थापनाचं. हे दुसरं २०१३ मध्ये लागू झालं. खरी मजा फ्रेंचांची. त्यांच्याकडे 'स्युरते' आणि 'सेक्युरिते' असे दोन शब्द आहेत. विमानतळावर स्युरते म्हणजे सिक्युरिटी, आणि अणुभट्टीपाशी तीच स्युरते म्हणजे सेफ्टी! जर्मनांचं 'झिशरहाइट' आणि स्पॅनिशांचं 'सेगुरिदाद' दोन्हींना पुरून उरतं. तेव्हा मराठी दरिद्री म्हणून गळे काढायचं कारण नाही.

जुनी वही
गळा मी काढत नाही, शब्द घडवायचा आळस नको एवढंच म्हणतो. 'दिनांक', 'महापौर' हेही कोणीतरी बसून घडवलेलेच आहेत. आज कोणाला खटकतात?

खटपट्या
दिनांक कळला नाही म्हणून दार अडत नाही, वहीकाका. शिडीवर चढलेल्या मुलाने 'विफल-क्षेम' वाचून कुठली तार कुठे जोडायची?

जुनी वही
शिकवलं तर जोडेल. 'फेल-सिक्युअर' तरी तो आईच्या पोटातून शिकून आला होता का?

पाटीपेन्सिल
हा मुद्दा काकांचा बरोबर आहे, मान्य करते. पण 'विफल' नको हो. विफल प्रेम असतं. कुलूप बिघडतं.

तिरकस
आणि 'रक्षित'मधली रक्षा? मराठीत रक्षा म्हणजे राखसुद्धा. सुरक्षा म्हणजे चांगल्या प्रतीची राख. शिवाय 'सुरक्षारक्षक' या शब्दात एक 'रक्ष' दुसऱ्या 'रक्ष'ची राखण करतोय. पहिल्याची ड्युटी संपली की दुसरा येतो बहुतेक.

दवबिंदू
अवांतर: राखणे आणि राख यांचं नातं मला फार दिवस छळत होतं. राखणेचं मूळ 'रक्ष्'मध्ये आहे, हे सरळ आहे. राखेचं 'रक्षा' कुठून आलं यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

अर्धविराम
लिहा, पण आधी माझी चौकट! आज संध्याकाळी पान पाठवायचंय. खटपट्यांचं ऐकून 'वीज जाताच खुलं' आणि 'वीज गेली तरी बंद' केलं होतं. तिकडून उत्तर आलं: 'अर्थ छान पोचतो, पण मूळ नावात सुरक्षेचा उल्लेख आहे, तो दोन्हीकडे आला पाहिजे.' म्हणजे मी पुन्हा कालच्या रात्रीवर.

खटपट्या
'जीव-सुरक्षित' आणि 'माल-सुरक्षित'. तिरकसांचाच पहिला प्रतिसाद. द्या पाठवून.

तिरकस
मी गंमत केली होती. माझं नाव घालू नका.

जुनी वही
ते सगळं ठीक, पण अर्धविराम, 'खुलं' कशाला लिहिलंत? 'मुक्त' म्हणा.

पाटीपेन्सिल
मुक्त आणि खुलं एकच का? 'मुक्त विद्यापीठ' आणि 'खुलं अधिवेशन'. अदलाबदल करून बघा.