मदत हवी आहे: इंग्रजीत नेमका कुठला शब्द वापरायचा ते ऐनवेळी ठरत नाही

नमस्कार मंडळी,

इंग्रजी व्याकरण मला बऱ्यापैकी येतं, वाचताना तर कधीच अडत नाही, पण स्वतः बोलायची किंवा मेल लिहायची वेळ आली की दोन-तीन जवळजवळ सारखे शब्द एकदम समोर येतात आणि त्यातला कुठला घ्यायचा तेच समजत नाही. इंग्रजी-मराठी डिक्शनरी उघडावी तर दोन्ही शब्दांपुढे एकच मराठी अर्थ दिलेला असतो, मग शोधून उपयोग काय. उदाहरणं देते म्हणजे नेमकं काय विचारतेय ते कळेल.

सगळ्यात जास्त अडतं ते 'लाज वाटणे' ला. शाय, एम्बॅरस्ड, अशेम्ड असे तीन शब्द आहेत. मराठीत लहान मूल पाहुण्यांसमोर यायला लाजतं, चारचौघांत कुणाचं नाव आठवलं नाही तरी लाज वाटते, आणि कुणाला फसवलं तर 'लाज वाटली पाहिजे' म्हणतो, सगळीकडे लाजच. शाय म्हणजे स्वभावाने लाजाळू एवढं मला कळलंय, पण एम्बॅरस्ड आणि अशेम्ड यात रेघ कुठे मारायची? समजा कुणाच्या मेलला बरेच दिवस उत्तर द्यायचं राहिलं आणि आता देतेय, तर यातलं काय म्हणायचं? अशेम्ड फार जड वाटतं, जणू काही गुन्हाच केलाय.

दुसरं म्हणजे 'पर्यंत'. 'शुक्रवारपर्यंत पाठवते' आणि 'शुक्रवारपर्यंत रजेवर आहे', दोन्हीकडे पर्यंतच, पण इंग्रजीत एकीकडे बाय आणि एकीकडे अंटिल येतं म्हणे. आणि टिल वेगळं का तेच? 'पासून' चं पण तसंच, सिन्स आणि फॉर.

लेस आणि फ्युअरवरून तर लोक भांडणच करतात, मोजता येणाऱ्या गोष्टीला लेस लावलं की चूक असं काहीजण ठामपणे सांगतात, पण सिनेमात, मुलाखतीत इंग्रजी मातृभाषा असलेले लोक सर्रास तसं बोलताना ऐकू येतात, मग खरं काय मानायचं? आणि शेवटचं, 'प्लीज रिव्हर्ट' आणि 'आय हॅव अ डाउट' हे आपण सगळेच लिहितो, ते भारताबाहेरच्या माणसाला नीट कळतं का?

एकेक जोडी पाठ करत बसणं मला जमेलसं वाटत नाही, आणि पाठ केलेलं बोलताना वेळेवर आठवतंही नाही. काही पद्धत आहे का, शब्दाचा अंदाज आपोआप येण्यासाठी? कुठली डिक्शनरी वापरता तेही सांगा प्लीज.

---

प्रतिसाद:

प्रश्न चांगला मांडलाय तुम्ही, कारण अडचण इंग्रजीत जितकी आहे तितकीच मराठीतून शब्दाला शब्द लावण्यात आहे. लाजेपासून सुरू करतो.

एम्बॅरस्ड मध्ये दुसऱ्याची नजर असते. कुणीतरी बघितलं, ऐकलं म्हणून ओशाळल्यासारखं होतं, त्यात वाईट वागलेलं असायलाच हवं असं नाही. अशेम्ड मध्ये आपण वाईट वागलो किंवा कमी पडलो असं स्वतःलाच वाटत असतं. म्हणून मी मनात विचारतो, हे कुणालाच कळलं नसतं तरी मला असंच वाटलं असतं का? हो असेल तर अशेम्ड, नाही असेल तर एम्बॅरस्ड. नाव आठवलं नाही तर एम्बॅरस्ड, कुणाला फसवलं तर अशेम्ड. उशिरा उत्तराच्या मेलमध्ये खरं तर दोन्ही नकोत, 'सॉरी फॉर द लेट रिप्लाय' एवढं पुरतं, भावना जितकी आहे तितकाच शब्द घ्यावा. आणि एक, 'अ शाय चाइल्ड' म्हणता येतं पण 'ॲन अशेम्ड चाइल्ड' असं सहसा कुणी म्हणत नाही, अशेम्ड नामाच्या आधी लावायचा शब्द नाही, 'द चाइल्ड वॉज अशेम्ड' असा मागून येतो. अशा गोष्टी नुसता अर्थ पाहून कधीच कळत नाहीत, वाक्य पाहावं लागतं.

'पर्यंत' साठी इतकंच बघा, काम त्या वेळेच्या आत एकदा होऊन संपणार आहे की त्या वेळेपर्यंत चालूच राहणार आहे. मेल एकदाच पाठवायचा आहे, म्हणून बाय फ्रायडे. रजा चालू राहणार आहे, म्हणून अंटिल फ्रायडे. हे चुकलं तर नुसतं कानाला खटकत नाही, अर्थच बदलतो, 'आय विल बी हिअर बाय फाइव्ह' म्हणजे पाचच्या आत येतो आणि 'अंटिल फाइव्ह' म्हणजे पाच वाजेपर्यंत इथेच आहे, समोरचा माणूस भलत्याच वेळी येईल. टिल आणि अंटिल एकच, आणि टिल हे अंटिलचं छोटं रूप आहे असं वाटतं पण उलट आहे, टिल जुना शब्द आहे. मात्र अंतराला किंवा आकड्याला हे दोन्ही लावू नका, 'पुलापर्यंत चाललो' ला ॲज फार ॲज किंवा टू, आणि 'शंभरपर्यंत माणसं' ला अप टू.

सिन्स-फॉर सोपं आहे. सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर सिन्स, किती काळ ते सांगायचं तर फॉर. मराठीत '२०२० पासून' आणि 'तीन वर्षांपासून' दोन्हीला पासून चालतं म्हणून 'सिन्स थ्री इयर्स' तोंडात येतं. पण तिथे क्रियापदही बदलायला लागतं हे लोक विसरतात, आपण 'काम करतोय' असं वर्तमानात म्हणतो, इंग्रजीत 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स' होतं.

---

प्रतिसाद:

लेस-फ्युअरबद्दल लिहिते. हा नियम फार जुना वाटतो पण तो रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने १७७० मध्ये मांडला आणि तोही मला हे जास्त बरं वाटतं अशा सुरात. त्याच्या आधी शेकडो वर्षं इंग्रज लोक मोजता येणाऱ्या गोष्टींना लेस लावतच होते. त्यामुळे बोलण्यात लेस ऐकू येतं त्यात नवल नाही. पण अर्ज, रिपोर्ट, परीक्षा यात फ्युअर पीपल, फ्युअर मिस्टेक्स असंच लिहा, तिथे वाचणारा नियम धरून वाचतो. पैसा, वेळ, अंतर याला मात्र लिहितानाही लेसच, 'लेस दॅन थ्री आवर्स', कारण तास मोजता येत असले तरी तिथे आपण एक सलग काळ म्हणून बघतो.

रिव्हर्ट: उत्तर देणे हा अर्थ भारतीय इंग्रजीत रुळलाय, इथल्या इथे लिहायला माझी काहीच हरकत नाही. पण ब्रिटन-अमेरिकेतल्या माणसाला रिव्हर्ट म्हणजे पूर्वीच्या स्थितीला परत जाणे, तो क्षणभर अडखळतो. त्याला सरळ रिप्लाय लिहा. डाउट जास्त जपून वापरा. आपल्याला फक्त शंका विचारायची असते आणि त्याला वाटतं तुमचा विश्वास नाहीये. 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हटलं की झालं. प्रीपोन पण तसंच, ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीत तो शब्द आहे, म्हणजे चूक नाही, पण बाहेरच्या लोकांना मीटिंग अलीकडे घेतोय हे सांगायचं तर 'मूव्ह टू ॲन अर्लियर टाइम' असं स्पष्ट लिहिलेलं बरं. 'मूव्ह फॉरवर्ड' लिहू नका, त्याचा अर्थ काहीजण अलीकडे आणि काहीजण पुढे असा घेतात.

डिक्शनरीचं म्हणाल तर लर्नर्स डिक्शनरी वापरा, माझं मत अगदी पक्कं आहे यावर. साधी डिक्शनरी अर्थ देते, लर्नर्स डिक्शनरी वापर शिकवते. ए. एस. हॉर्नबी हे जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते, शिकणाऱ्याला नेमकं कुठे अडतं ते बघून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९४२ मध्ये टोकियोत अशी डिक्शनरी काढली, आजची ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स तिचीच पुढची रूपं. लाँगमनची १९७८ ला आली, तिच्यात अर्थ साधारण २००० सोप्या शब्दांतच लिहिलेले असतात. आणि कोबिल्ड, १९८७ ची, तिच्यात अर्थ पूर्ण वाक्यात असतो म्हणजे शब्द कुणाबद्दल, कशाबरोबर येतो ते त्या अर्थामध्येच दिसतं. तुम्हाला कोबिल्ड सगळ्यात जास्त आवडेल असं मला वाटतं. तिन्ही ऑनलाइन फुकट बघता येतात.

आणि जोड्या पाठ करू नका, शब्द त्याच्या सोबत्यासकट लक्षात ठेवा. पाऊस हेवी, वारा स्ट्राँग. डिसिजन मेक करतात, होमवर्क डू करतात. याला कारण शोधत बसलात तर सापडणार नाही, बोलणाऱ्यांनी तशी जोडी जमवली इतकंच, म्हणून वहीत नुसतं 'डिसिजन' कधीच लिहायचं नाही, 'मेक अ डिसिजन' असं लिहायचं.

---

धागाकर्ती:

दोघांचे खूप आभार, बाय-अंटिलचं तर लगेच डोक्यात बसलं. कोबिल्डमध्ये एम्बॅरस्ड बघितला, वाक्यात अर्थ दिल्यामुळे खरंच फरक पडतो. अजून एकच विचारते, से आणि टेल? इथे मराठीत सांगणे आणि म्हणणे वेगळे आहेतच, मग ते तसेच लावले तर चालतील का?

---

प्रतिसाद:

बऱ्याच अंशी चालतील, इथे मराठी मदतच करते. सांगणे म्हणजे टेल, म्हणणे म्हणजे से. टेलला माणूस लगेच मागे लागतो, 'टेल मी', 'टोल्ड हर', आणि सेला माणूस जोडायचा तर मध्ये टू हवा, 'सेड टू मी'. फसतं ते 'खरं बोलणे, खोटं बोलणे' ला, तिथे आपण बोलणे म्हणतो पण इंग्रजीत टेल द ट्रुथ, टेल अ लाय, आणि यात माणूस नसला तरी चालतो. मात्र टेल मीच्या चालीवर एक्सप्लेन मी, सजेस्ट मी करू नका, ते 'एक्सप्लेन इट टू मी', 'सजेस्ट अ बुक टू मी' असं होतं. आणि डिस्कसच्या पुढे अबाउट लावू नका, 'च्याबद्दल चर्चा' मधला 'बद्दल' डिस्कसच्या पोटातच आहे, नुसतं 'डिस्कस द प्लॅन' म्हणायचं.