फिलाडेल्फियाची सहल: ॲमट्रॅक की ट्रेंटनला बदलून?

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,

शनिवारच्या सहलीसाठी २२ नावं पक्की झाली आहेत. त्यात भारतातून आलेले आईबाबा सात, आणि मुलं पाच. फिलाडेल्फियातल्या ऐतिहासिक इंडिपेंडन्स हॉलची सकाळी ११ ची वेळ मिळाली आहे. प्रवेश फुकट आहे, वेळ राखून ठेवण्याचा माणशी १ डॉलर तेवढा भरलाय. पण ती वेळ हुकली की शनिवारी पुन्हा मिळणं कठीण.

बसचा बेत बारगळला, ट्रेननेच जायचंय. निघायचं आपल्या न्यू जर्सीतल्या मेट्रोपार्क स्टेशनहून. ॲमट्रॅकच्या लांब पल्ल्याच्या गाडीने थेट जायचं, की एनजे ट्रान्झिटच्या, म्हणजे न्यू जर्सीच्या लोकलने ट्रेंटन आणि तिथून सेप्टा, म्हणजे फिलाडेल्फियाची लोकल? मतं आजच कळवा. 'आम्हाला काहीही चालेल' हे मत धरलं जाणार नाही.

---

प्रेषक: खजिनदार

माझं मत पैशांच्या बाजूने, दुसरं कशाच्या असणार! ॲमट्रॅकचं भाडं मागणीप्रमाणे हलतं. काल रात्री एका माणसाचं पाहिलं, मग तीच गाडी, तीच तारीख, सहा माणसं टाकली तर माणशी आकडा वर गेला. स्वस्त जागा मोजक्याच असतात आणि आपण तर झुंडीने निघालोय. एनजे ट्रान्झिटचं भाडं आज काढा नाहीतर गाडी यायच्या पाच मिनिटं आधी काढा, तेवढंच. शिवाय शुक्रवारी संध्याकाळी ७ पासून सोमवारी पहाटे ६ पर्यंत तिकीट काढलेल्या प्रत्येक मोठ्या माणसामागे अकरा वर्षांपर्यंतची दोन मुलं फुकट. ॲमट्रॅकवर मुलांना अर्धं तिकीट पडतंच.

---

प्रेषक: इझेलिनहून एक सभासद

खजिनदारसाहेब, हिशोब बरोबर आहे, पण माझ्या आईचे गुडघे त्या हिशोबात बसत नाहीत. ट्रेंटनला सामानसुमान, मुलं, म्हातारी माणसं घेऊन गाडी बदलायची आणि पुढची चुकली तर तासभर बाकावर. त्यापेक्षा चार पैसे जास्त गेले तरी एकदा बसलं की फिलाडेल्फियालाच उतरायचं, हे बरं नाही का? ट्रेनवाले काका, तुम्ही बोला.

---

प्रेषक: ट्रेनवाले काका

सर्वांना सप्रेम नमस्कार,

नाव पडलंच आहे तर निभावतो.

आधी एक गैरसमज. ॲमट्रॅकची 'मोठी' गाडी वेगळ्या रुळांवरून जाते आणि म्हणून ती बिनधोक, असं बऱ्याच जणांना वाटतं. रूळ तेच. बॉस्टन ते वॉशिंग्टन हा ४५७ मैलांचा नॉर्थईस्ट कॉरिडॉर. त्यातल्या आपल्या पट्ट्याचा मालक ॲमट्रॅक, आणि एनजे ट्रान्झिट नि सेप्टा तिथले भाडेकरू. विजेची व्यवस्था पेनसिल्व्हेनिया रेलरोडने १९३० च्या दशकात उभारलेली. कडक उन्हात तार सैल पडली की मालक नि भाडेकरू दोघेही एकाच रुळावर ताटकळतात. तेव्हा महाग तिकीट म्हणजे वेळेची हमी, हे डोक्यातून काढा. एवढं मात्र खरं की मालकाची गाडी कमी थांबते. मेट्रोपार्क ते फिलाडेल्फिया साधारण तासाभरात. आपली लोकल पाऊण तासाच्या आत ट्रेंटन, तिथून सेप्टा जवळजवळ तासभर, वर बदलायचा वेळ.

पुण्या-मुंबईच्या मंडळींना एका वाक्यात सांगतो: ॲमट्रॅक म्हणजे डेक्कन क्वीन, आणि दुसरा मार्ग म्हणजे कर्जतपर्यंत लोकल नि लोणावळ्याहून पुणे लोकल. तिकडे मधल्या घाटात लोकल नाही म्हणून तो बेत जमत नाही. इथे घाट नाही, नुसतं ट्रेंटन आहे.

आता गुडघ्यांचं. 'ॲमट्रॅकला बदलायचं नाही' हे अर्धंच खरं. ॲमट्रॅक सोडते थर्टिएथ स्ट्रीट स्टेशनला. स्टेशन देखणं आहे, १९३३ चं, उंच छत बघून आईबाबा खूश होतील. पण आपल्याला जायचंय तिथून ते बरंच लांब, नदीच्या पलीकडे. म्हणजे खालच्या फलाटावरून वर येऊन, सेप्टाच्या वरच्या फलाटावर चढून पुन्हा गाडी, नाहीतर टॅक्सी. २२ माणसांच्या टॅक्स्या कोण जमवणार? ट्रेंटनहून येणारी सेप्टाची गाडी थर्टिएथ स्ट्रीटवर थांबून तशीच पुढे जेफर्सन स्टेशनला जाते. तिथून इंडिपेंडन्स हॉल पाच-सहा ब्लॉक, सपाट रस्ता. आणि स्टेशनाला खेटूनच रीडिंग टर्मिनल मार्केट, १८९३ चं. जेवण तिथेच. तेव्हा बदल दोन्हीकडे एकेकच. फक्त एकीकडे तो ट्रेंटनला, दुसरीकडे फिलाडेल्फियात गर्दीत. ट्रेंटनला लिफ्ट आहे, फलाट गाडीच्या दाराइतका उंच आहे, आणि मोजायला फक्त आपली माणसं.

एक गोष्ट मात्र कोणी लिहिली नाही आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. सेप्टाच्या गाडीत संडास नसतो. एनजे ट्रान्झिटच्या गाडीत असतो, ॲमट्रॅकमध्ये असतो, सेप्टात नाही. सकाळचा चहा, रक्तदाबाची गोळी आणि पुढे तासभर डबा. तेव्हा ट्रेंटनला उतरल्यावर आधी सगळ्यांनी स्टेशनावर जाऊन यायचं, लाजायचं नाही. एवढ्यासाठी मी बदलायला दहा मिनिटं नाही, निदान पंचवीस मिनिटं धरा म्हणतो.

दहा मिनिटांत काय होतं ते मी स्वतः करून पाहिलंय. मेहुण्यांना घेऊन चाललो होतो. ट्रेंटनला उतरलो, मेहुणे म्हणाले, 'भावजी, घोटभर कॉफी?' मी म्हटलं, घेऊ की. तिथे स्टेशन वर आणि फलाट खाली. कप हातात घेऊन जिन्याच्या मधल्या पायरीवर आलो तेव्हा सेप्टाची दारं बंद होत होती. गाडी वेळेवर, आम्ही उशिरा. पुढचा तास मेहुणे गप्प, मी गप्प, कॉफी मात्र चांगली होती.

म्हणून माझं म्हणणं: जाताना ट्रेंटनमार्गेच जा, पण एक सेप्टा हातची सोडून निघा. म्हणजे ठरवलेली चुकली तरी तिच्या नंतरचीने सव्वादहापर्यंत जेफर्सन गाठता आलं पाहिजे. इंडिपेंडन्स हॉलला सुरक्षा तपासणीची रांगही असते.

परतीला तर ॲमट्रॅकचा विचारच नको. ते तिकीट ठरावीक गाडीचं. मुलं चारला दमतील की सातला, तुम्ही आज सांगू शकता? गाडी बदलायची तर त्या घटकेचा फरक भरा. लोकलला कुठलीही पकडा.

हेच दोघं असते, न्यूयॉर्कहून निघायचं असतं आणि महिनाभर आधी ठरलं असतं, तर मी डोळे मिटून ॲमट्रॅक म्हणालो असतो. शांत डबा, हक्काची जागा, खाण्याचा डबाही बहुतेक गाड्यांना. तो आनंद वेगळा आहे, नाकारत नाही.

---

प्रेषक: एडिसनच्या वहिनी

काका, दोन तिकिटं वेगवेगळी काढायची ना? मागे माझा त्यात घोळ झाला होता, एनजे ट्रान्झिटचंच फिलाडेल्फियापर्यंत चालेल असं समजून बसले.

---

प्रेषक: ट्रेनवाले काका

हो वहिनी, दोन. एनजे ट्रान्झिटचं ट्रेंटनला संपतं. मोबाइलवर काढलं असेल तर चढण्याआधी ते चालू करा. डब्यात कंडक्टर समोर आल्यावर फोन शोधू नका. एनजे ट्रान्झिटवर ६२ आणि त्यापुढच्यांना सवलत आहे, वयाचा पुरावा खिशात हवा. आणि मेट्रोपार्कला ट्रेंटनकडच्या फलाटावर उभे राहा. हसू नका, गेल्या वर्षी तिघं न्यूयॉर्ककडच्या फलाटावरून आम्हाला हात करत होते.

---

प्रेषक: इझेलिनहून एक सभासद

काका, पटलं, तरी आईसाठी ॲमट्रॅकचं एक आणि सोबत माझं एक असं काढायच्या बेतात होतो. तिला विचारलं. म्हणाली, 'दादरला तीस वर्षं गाडी बदलली, पुलाचे जिने चढून. तुझ्या ट्रेंटनला लिफ्ट आहे म्हणतोस ना? आणि मी एकटी त्या गाडीत बसून कोणाशी बोलू, तुझ्याशी?' आमची दोन नावं सगळ्यांबरोबर धरा.

---

प्रेषक: सहल समिती

ठरलं, दोन्ही वेळा ट्रेंटनमार्गे. काकांच्या हिशोबाने एक गाडी आधीची धरली आहे. नक्की वेळ शुक्रवारी रात्री कळवू, कारण शनिवार-रविवारी रुळांच्या कामामुळे वेळापत्रक बदलतं.

ट्रेंटनहून सेप्टा सुटली की लगेच डेलावेअर नदी लागते. उजव्या हाताला पुलावर 'ट्रेंटन मेक्स द वर्ल्ड टेक्स' ही मोठाली अक्षरं दिसतात. उजव्या खिडक्या ज्येष्ठांसाठी, मुलांना येताना.

मुलांची वयं अजून तीन घरांनी कळवलेली नाहीत. खजिनदार वाट बघतायत.