मदत हवी आहे: घाटात मॅप थांबतो, वेगळं जीपीएस यंत्र घ्यावं का?

टिळकवाडी_ताई
नमस्कार मंडळी. शनिवारी पहाटे आई-बाबांना घेऊन गाडीनं म्हापशाला जायचंय. दर वेळी जांबोटी सोडलं की मॅपवरचा बाण जागच्या जागी थांबतो, तो थेट साखळी आल्यावर हलतो. ऑफलाइन मॅप उतरवून ठेवलाय तरी तेच. गार्मिनसारखं वेगळं यंत्र घेतलं तर हा त्रास जाईल का? कुठलं घ्यायचं तेवढं सांगा, वेळ कमी आहे.

निपाणीकर
शनिवारी कोगनोळी टोलला रांग असते. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का बघून घ्या.

टिळकवाडी_ताई
बेळगावातून चोर्ल्याला जाताना कोगनोळी कुठनं येणार हो? ते उलट्या बाजूला.

खानापूरचा_दादा
ताई, त्या रस्त्याला मॅप कशाला? जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी. रस्ता चुकायला जागाच नाही. पावसाळ्यात धुकं असतं, तेवढं सांभाळा.

टिळकवाडी_ताई
जाताना नको आहे. येताना सावंतवाडी-आंबोलीवरून यायचंय आणि मधे चंदगडकडं बाबांच्या मावसबहिणीच्या गावी थांबायचंय. आतले फाटे कोणालाच नीट आठवत नाहीत. रात्र झाली तर विचारायलाही माणूस भेटत नाही.

शहापूर_ट्रॅव्हल्स
हे आधी सांगायचं की! मी भाड्याच्या गाड्या चालवतो. डोळे झाकून वेगळं यंत्र घ्या. नकाशा त्याच्या पोटातच असतो, रेंज असो-नसो. फोन डॅशबोर्डवर उन्हात तापला की स्क्रीन काळी होते आणि नेमका वळणावर कोणाचा तरी कॉल येतो.

हिंडलगा_मोटर
नकाशा पोटात असतो, पण जुना झाला की नवा भरायचा कोणी? माझ्या यंत्रात नवा बायपास नव्हताच, गाडी शेतातून चालल्यासारखी दिसायची. फोनचा नकाशा निदान घरबसल्या ताजा होतो. यंत्रावर पैसे घालू नका.

शहापूर_ट्रॅव्हल्स
नकाशा भरायचा कंटाळा केला तर यंत्र काय करणार? आमचा धंदा आहे हा.

फिजिक्स_मास्तर
दोघं जरा थांबा. ताईंचा प्रश्न वेगळा दिसतोय. जीपीएस आणि नेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवरून संदेश पाठवत असतात, फोन ते नुसते ऐकतो. त्याला सिमही लागत नाही. नेट लागतं ते नकाशा आणायला, ट्रॅफिक कळायला आणि सुरुवातीला जागा पटकन सापडायला. नकाशा उतरवलेला असेल तर जांबोटीपुढं रेंज गेली तरी बाण हलायलाच पाहिजे. फोन कुठला आहे?

टिळकवाडी_ताई
फोन नाही, टॅब लावते. बाबांना मोठं दिसतं.

फिजिक्स_मास्तर
सिमचा की नुसता वाय-फायचा?

टिळकवाडी_ताई
वाय-फायचा. माझ्या फोनचा हॉटस्पॉट देते त्याला. त्यानं काय फरक पडतो? शहरात तर व्यवस्थित चालतो.

फिजिक्स_मास्तर
तिथंच सगळं आहे. वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतंच. दुसऱ्या कंपन्यांच्याही काही वाय-फाय टॅबमध्ये नसतं. असा टॅब आसपासच्या वाय-फायवरून जागेचा अंदाज बांधतो. टिळकवाडीत घरोघरी राउटर आहेत, चोर्ल्याच्या जंगलात कुठले? आज एक करा. फोन आणि टॅब दोन्ही एअरप्लेन मोडवर टाका, लोकेशन चालू राहू द्या आणि मोकळ्या रस्त्यानं थोडं फिरून या. ज्यात ठिपका हलेल तेच गाडीत लावा.

देशी_बाणा
परदेशी जीपीएस कशाला? आपल्या भारतीय उपग्रहांचं नाविक वापरा.

फिजिक्स_मास्तर
नाविक आपलंच, अभिमान आहेच. पण ते वेगळं निवडायचं नसतं. फोनच्या चिपमध्ये सोय असेल तर तो आपणहून घेतो.

खानापूरचा_दादा
एक कळकळीनं सांगतो. ऑफलाइन मॅप असो नाहीतर यंत्र, जवळचा रस्ता म्हणून जंगलात घालत असेल तर अजिबात ऐकू नका. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याला निघालेलं एक कुटुंब मॅपच्या भरवशावर आमच्या तालुक्यात भीमगडच्या जंगलात शिरलं आणि रात्रभर अडकलं. रेंज शोधत चालत जावं लागलं, तेव्हा ११२ ला फोन लागला. येताना दोडामार्गावरून तिलारी घाट दाखवला तरी आंबोलीच धरा. तिलारीचा चढ आणि वळणं लई अवघड, त्यात म्हातारी माणसं बरोबर.

सीमाभागी
फाटे चुकणारच. आमच्याकडच्या पाट्यांवर मराठी ठेवलंय कुठं? घरच्या गावाला जाताना मॅप बघायची पाळी आणली.

हिंडलगा_मोटर
पोटतिडीक कळते, पण चंदगडकडच्या पाट्या मराठीच आहेत. त्याला वेगळा धागा काढा. ताई, ऑफलाइन चौकोन बेळगावपुरताच घेतलाय का? सावंतवाडी, आंबोली, चंदगड सगळं त्यात बसलं पाहिजे. आणि आत्तेच्या घराची खूण फोन करून आजच मागवून घ्या, खेड्यात नुसतं गावाचं नाव टाकलं तर मॅप भलत्याच वाडीत नेतो.

टिळकवाडी_ताई
तिसऱ्या रेल्वे गेटपर्यंत जाऊन आले. टॅबचा ठिपका घरातच राहिला, फोनचा बरोबर चालला. चौकोन खरंच बेळगाव-गोव्यापुरता होता, मोठा करून उतरवलाय. आत्तेच्या सुनेनं लोकेशन पाठवलं, तेही सेव्ह केलं. यंत्र घेत नाही. मास्तर, मनापासून आभार. आता फोन काचेवर लावू की कुठं? तापायची भीती वाटते.

शहापूर_ट्रॅव्हल्स
काचेवर नको. एसीच्या जाळीला अडकणारा स्टँड घ्या, गार हवा फोनला लागत राहते. चार्जर गाडीतला चांगला घ्या, मॅप चालू असला की बॅटरी पाण्यासारखी जाते. आणि कॉल वडिलांच्या फोनवर वळवून ठेवा.