मागून चिकटणाऱ्या, कट मारणाऱ्या गाड्या: सोसायटीच्या ग्रुपवर

बी-४०२ मानसी: नमस्कार मंडळी. सोमवारपासून आमचे चिरंजीव पुण्यात वारज्याहून हिंजवडीला बाइकने जाणार. १२५ सीसी, लायसन्स नवं. बायपासवर जे मागून चिकटतात, कट मारतात, खिडकीतून शिव्या देतात, त्यांचं करायचं काय? जाणकारांनी सांगा. ‘जपून चालव’ सोडून, ते माझं सांगून झालंय.

ए-७०४ निनाद (रायडिंग ट्रेनर): मानसीताई, मागचा चिकटला की नवखे दोनच गोष्टी करतात. घाबरून वेग वाढवतात, नाहीतर चिडून ब्रेक टोचतात. दोन्ही चूक. ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. पुढच्या गाडीपासून एरवी दोन सेकंद, म्हणजे ३३-३४ मीटर अंतर हवं. मागे कोणी चिकटलं की तेच तीन-चार सेकंदांवर न्यायचं. पुढे काही झालं तर आपल्याला सावकाश थांबता येतं आणि मागच्यालाही तेवढाच जास्त वेळ मिळतो. मागचं अंतर त्याच्या हातात आहे, पुढचं आपल्या.

सी-२०३ प्रथमेश: एवढी जागा सोडली की लगेच कोणीतरी घुसतं, सर.

ए-७०४ निनाद: घुसू दे. पुन्हा मागे सरकायचं. वाकडपर्यंत अशा दहा गाड्या घुसल्या तरी आपला अर्धा मिनिटही जात नाही.

आता वाट देण्याबद्दल. एकदम डावीकडे झुकायचं नाही, कारण चिडलेला ड्रायव्हर बऱ्याचदा तेवढ्यात डावीकडूनच घुसायला बघत असतो. आधी आरसा, मग डावा इंडिकेटर, तो तीन-चारदा लुकलुकू द्यायचा, मान वळवून खांद्यावरून एक नजर, आणि मग लेन बदलायची. तो गेला की इंडिकेटर हाताने बंद करायचा. बहुतेक बाइकवर तो आपोआप बंद होत नाही. चालू राहिला तर सर्व्हिस रोडवरून वर येणाऱ्याला वाटतं की आपण वळतोय, आणि तो सरळ पुढ्यात येतो.

डी-१०१ सलीमभाई (गॅरेज): एक गोष्ट सगळे विसरतात. नुसता गिअर पाडून किंवा थ्रॉटल सोडून वेग कमी केला तर मागचा ब्रेकलाइट लागत नाही. मागच्याला कळतच नाही आणि तो आणखी चिकटतो. म्हणून ब्रेक हलकासा दाबून दिवा दोनदा दाखवायचा, चाक न आवळता. पण आधी दिवा लागतो का ते बघा. संध्याकाळी पार्किंगच्या भिंतीकडे पाठ करून गाडी लावा. पुढचा लिव्हर वेगळा दाबा, मागचा ब्रेक वेगळा. दोघांचे स्विच वेगळे असतात. मागच्या पेडलच्या स्विचची स्प्रिंग सैल झाली की दिवा फार उशिरा लागतो, फार ताणलेली असली की कायम लागलेला राहतो. दोन्ही वाईट. आरशात अर्धं आपलंच कोपर दिसत असेल तर तोही बाहेर फिरवा. कोपराची फक्त कड दिसली पाहिजे.

सी-२०३ प्रथमेश: आणि त्याने मुद्दाम कट मारला तर? गप्प बसायचं? एकदा आरशाला लाथ बसली की सुधारतात.

ए-७०४ निनाद: पाय उचलला की ५० च्या वेगाला तोल नुसत्या हँडलवर राहतो आणि बाजूला टनभर वजनाची कार. त्याने स्टिअरिंग बोटभर फिरवलं तरी आपण खाली. वर तोडफोड केल्याची तक्रार त्याचीच. हॉर्न एकदा, छोटा. डिपर नाही, हातवारे नाहीत, त्याच्याकडे बघणंही नाही.

खरा घोळ पुढच्या सिग्नलला होतो. कट मारलेल्याला गाठून ‘दिसत नाही का’ विचारायला लोक खिडकीशी जातात, तिथे दार उघडतं. दोन गाड्या मागेच थांबायचं. पुढच्या गाडीचे मागचे टायर रस्त्याला टेकलेले दिसतील एवढी जागा सोडायची, गाडी पहिल्या गिअरमध्ये, बाहेर पडायची फट हेरलेली.

ए-१०३ जोगळेकर (निवृत्त पोलीस): मानसी, मुलाला एवढं पक्कं सांग: कोणी पाठलाग करत असेल तर घरी यायचं नाही. आपल्याला गेट एकच, आणि पत्ता आयता कळतो. पोलीस चौकी किंवा पेट्रोल पंप गाठायचा. पंपावर उजेड, माणसं, कॅमेरे सगळं असतं. तिथे थांबूनच ११२ लावायचा, चालवताना नाही. बोलताना आधी जागा आणि दिशा: ‘बायपास, चांदणी चौकाच्या पुढे, मुंबईकडे जाणारी बाजू’. मग नंबर, गाडीचा रंग. राग कशाचा आला हे शेवटी. अख्खा नंबर लक्षात राहात नसेल तर शेवटचे चार आकडे मनात घोळवायचे. ते आणि रंग-मॉडेल मिळालं की शोध सोपा होतो.

गाडी आडवी घालून तो उतरलाच, तर जागा असेल तोवर इंजिन चालू ठेवून निघायचं. जागाच नसेल तर इंजिन बंद करून किल्ली खिशात. गरम डोक्याचा माणूस आधी किल्लीच उपसतो. हेल्मेट काढायचं नाही. काच वर, हात समोर दिसतील असे, आवाज खाली. ‘सॉरी दादा’ म्हटल्याने कोर्टात केस हरत नाही.

ई-५०२ रेखा: काका, मागून सारखा हॉर्न देणारा ट्रक पण त्यातलाच का?

ए-१०३ जोगळेकर: वहिनी, दर वेळी नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना ट्रकचे ब्रेक तापून निकामी होतात. तिथे मागून लांबलचक हॉर्न आला की वाद न घालता बाजूला व्हायचं.

सी-६०१ अ‍ॅड. शिर्के: तक्रारीचं सांगते. नुसती चापट किंवा शिवी असेल तर बहुतेक वेळा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होते आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. मात्र वाट अडवणं, भारतीय न्याय संहितेचं कलम १२६(२), आणि बेदरकार चालवणं, कलम २८१, ही दखलपात्र आहेत. म्हणून तक्रारीत ‘मारलं’ एवढंच लिहू नका. गाडी कुठे, कशी आडवी घातली, किती वेळ अडवलं, अंगावर कशी घातली, हे घडलं तसं क्रमाने लिहा. दगड, रॉड, हत्यार वापरलं तर कलम ११८. हाड मोडलं तर ती गंभीर दुखापत. लागलं असेल तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात एमएलसी (पोलीस केससाठीची वैद्यकीय नोंद) करून घ्या. हद्दीचा प्रश्न आला तर झिरो एफआयआर होतो, म्हणजे हद्द कोणाचीही असली तरी कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. ऑनलाइन माहिती दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करायची.

सी-२०३ प्रथमेश: आणि गाडीवरच्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ?

सी-६०१ अ‍ॅड. शिर्के: गाणं लावून, कापून ग्रुपवर टाकायचा नाही. कॅमेऱ्याचं मूळ मेमरी कार्ड काढून पाकिटात ठेवा, पोलिसांना कॉपी द्या. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

बी-१०५ समीर: कार्ड लगेच काढायचं हे महत्त्वाचं. कॅमेरा लूपवर चालतो, जुनं पुसून नवं भरतो. धक्का बसला की जी-सेन्सर (धक्का ओळखणारा सेन्सर) ती फाइल लॉक करतो, पण आपल्याकडच्या खड्ड्यांत दर धक्क्याला लॉक होऊन कार्डच भरतं. सेन्सिटिव्हिटी ‘लो’ ठेवा. पुढे-मागे दोन लेन्सचा, पाण्यात चालणारा घ्या. कार्ड हाय-एन्ड्युरन्स (सतत रेकॉर्डिंग झेपणारं), ६४ जीबी पुरे. तारीख-वेळ महिन्यातून एकदा तपासा. हेल्मेटवर कॅमेरा नको, पडताना तोच अडकतो.

डी-१०१ सलीमभाई: वायर थेट बॅटरीला जोडू नका. किल्लीबरोबर चालू-बंद होणाऱ्या लाइनवरून घ्या, मध्ये १२ व्होल्टचं ५ करणारा कन्व्हर्टर आणि २ अँपिअरचा फ्यूज. १२५ ची बॅटरी लहान असते, पार्किंग मोड चालू राहिला की सकाळी सेल्फ मारत नाही. मागची लेन्स नंबरप्लेट झाकेल अशी लावू नका, नाहीतर चलन आपलंच.

बी-४०२ मानसी: सगळ्यांना 🙏 येताना बऱ्याचदा मागे मित्र असेल. तेव्हा काही वेगळं?

ए-७०४ निनाद: हो. थांबायला जास्त अंतर लागतं, म्हणून पुढचं अंतर आणखी एक सेकंद वाढवायचं. मागच्या टायरची हवा स्टिकरवर दोघांसाठी दिलीय तेवढी. आणि मित्राला बजावायचं की वळून हातवारे करायचे नाहीत, मोबाइल काढून शूटिंग करायचं नाही. मागचा हलला की गाडी हलते. त्याने फक्त नंबर वाचून मोठ्याने म्हणायचा.