मदत हवी आहे: व्हर्च्युअल मशीनवर नेटवर्कचा खरा वेग कसा मोजायचा?

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्याचं नेटवर्क बदलायचंय. केबल ओढण्याआधी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एकाच पीसीत अनेक आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) दोन उबुंटू लिनक्स मशीन उभ्या करून आयपर्फ३ (नेटवर्कचा वेग मोजणारं साधन) चालवतोय. दोन्ही एकाच पीसीवर असल्याने पॅकेट केबलपर्यंत जातच नाहीत, आकडा प्रोसेसरच्या ताकदीचाच येतो, हे कळतंय. गिगाबिट केबलवर टीसीपीला (डेटा पाठवण्याची नेहमीची पद्धत) साधारण ९४० एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) मिळतात. इथे त्याहून कितीतरी जास्त, आणि दर वेळी वेगळे.

नेटेमने (नेटवर्कवर मुद्दाम उशीर घालणारं लिनक्सचं साधन) २० मिलिसेकंदांचा उशीर घातला की पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ मोजणारी कमांड) बरोबर दाखवतं. पण वेगाची मर्यादा कुठे लावू? आणि ब्रिज्ड अडॅप्टर (व्हर्च्युअल मशीनला थेट खऱ्या नेटवर्कशी जोडणारी सेटिंग) ठेवून समोर खरा लॅपटॉप जोडला, तर आकड्यांवर विसंबता येईल का? मालकांना खोटा भरवसा द्यायचा नाहीये. कुणी केलं असेल तर सेटिंगसकट सांगा, प्लीज.