७-१ ची ती रात्र… आणि तुमची?

गच्चीवरचा मामा
रविवारी भाच्याची मॅच झाली, बारा वर्षांखालची. ०-८. गोलकीपर हाच. घरी आला, चिखलाचे शूज गॅलरीत फेकले आणि भिंतीकडे तोंड करून पडला. ताईने तर्री पोहे आणून ठेवले, ते तसेच गार झाले. मी जवळ बसलो तर म्हणाला, "मामा, तुला नाही कळणार."

मला नाही कळणार! बेलो होरिझोंतेची वर्ल्ड कप सेमीफायनल, ब्राझील विरुद्ध जर्मनी, मी पूर्ण पाहिली आहे. ९ जुलै २०१४, आपल्याकडे रात्री दीडला सुरू. नागपुरात गड्डीगोदामला मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही नऊ जण, आठ पिवळे टीशर्ट आणि एक जर्मनीवाला. नेमार जखमी, थियागो सिल्वावर बंदी, तरी वाटायचं घरचं मैदान आहे, निघून जाईल. अकराव्या मिनिटाला म्युलर. मग २३ व्या मिनिटाला क्लोजे. मी चहा गाळायला उठलो. गाळणी हातात असताना आतून आणखी तीनदा ओरडा आला, मला वाटलं रिप्ले दाखवून राहिले. कप घेऊन आत आलो तर ०-५.

हाफटाइमला जर्मनीवाल्याने गुपचूप अंगावर चादर ओढून घेतली, जर्सी दिसू नये म्हणून. शेवटपर्यंत एक टाळी वाजवली नाही त्याने. क्लोजेचा वर्ल्ड कपमधला तो विक्रमी सोळावा गोल नंतर कितीदा पाहिला असेल, पण त्या रात्रीचा विषय निघाला की आधी चादरच डोळ्यांपुढे येते.

पोराला काय सांगू? तुमच्यावर अशी वेळ आली असेल तर लिहा. चांगल्या सपाटून हरलेल्याच मॅच हव्यात.

कामठीची लेक
भांडी आवरता आवरता लिहून राहिली, चुका पोटात घाला. आमच्या कामठीत पोरगं चालायला लागलं की बॉल पायात येतो. बाबा जेवताना हमखास हेलसिंकी काढायचे. १९५२ चं ऑलिंपिक, युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ हरवलं. थंडी, आणि आपले कितीतरी जण अनवाणी. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. आणि चारच वर्षांनी मेलबर्नला आपण चौथे! ऑस्ट्रेलियाविरुद्ध नेव्हिल डिसूझाची हॅटट्रिक, ४-२. "दहा खाल्ले म्हणून कोणी घरी बसलं का?" म्हणायचे आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी टाकायचे. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. कणीक मळून ठेवली आहे, नंतर येते.

धंतोलीकर
१५ ऑगस्ट २०२०. बायर्न ८, बार्सिलोना २. बाबा कोविड वॉर्डात, मी घरी विलगीकरणात. फोन येईल म्हणून झोपायचं नाही, म्हणून मॅच लावलेली. बार्सानेच उसना दिलेला कुटिन्हो, त्यानेच शेवटचे दोन घातले. तेवढ्यात फोन वाजला. वॉर्डाचा नंबर. पोटात गोळा आला, उचलवेना.

बाबाच होते. सिस्टरच्या फोनवरून. "झोपला नाहीस न? किती झाले?"
"आठ-दोन."
"आठ आपले?"
"नाही बाबा."
आणि ते हसले. खोकला येईपर्यंत हसले. नऊ दिवसांनी त्यांचं हसू ऐकत होतो मी. त्या स्कोअरचा मला आजही राग येत नाही.

कामठीची लेक
डोळ्यात पाणी आलं दादा. काका आता बरे आहेत न?

धंतोलीकर
हो ताई, रोज सकाळी अंबाझरीला फेरी असते. गुडघा कुरकुरतो, तेवढंच.

पुण्यात दिलेली
फुटबॉलमधलं कळत नाही. पण क्रिकेटमधलं ॲडलेड, डिसेंबर २०२०, आपले सगळे मिळून ३६. कुकर झाला, येते.

धंतोलीकर
आणि ती मालिका आपण २-१ ने जिंकली!

जर्मनीवाला
चादरवाला मीच बे. सात गोल पाहून आनंदच झाला होता मले, पण तू कप धरून दारात तसाच उभा होतास, तुझ्याकडं पाहावत नव्हतं. ते टीव्हीवर दाखवलेले मिशीवाले आजोबा आठवते का? विश्वचषकाची प्रतिकृती छातीशी धरून बसलेले. नंतर त्यांनी ती एका जर्मन पोरीच्या हातात देऊन टाकली. मी तवाच रडलो, चादरीत.

आणि २७ जून २०१८ ले कोरियाने आमाले २-० नं घरी पाठवलं, तवा हा गडी रात्री सांबारवडी घेऊन माझ्या दारात. एक शब्द बोलला नाही. डबा ठेवला अन् बसला.

पुण्यात दिलेली
माझ्या सासूबाई विचारतात, सांबारवडीत सांबार कसं भरतात?

कामठीची लेक
काकूंना सांगा, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. थंडीतली जुडी घ्या, खसखस-खोबरं कंजूषी न करता. उन्हाळ्याची नको, चव येत नाही.

मैदानावरचे सर
मामा, वडीचं नंतर. पोरगा गोलकीपर आहे म्हणता, तर त्याला निकी सलापू सांगा. ११ एप्रिल २००१, ऑस्ट्रेलिया ३१, अमेरिकन सामोआ ०. पासपोर्टच्या भानगडीत त्यांचे बहुतेक मुख्य खेळाडूच बाद झाले, पोरासोरांना घेऊन उतरले. गोलमध्ये सलापू. आणि २०११ मध्ये त्याच संघाने टोंगाला २-१ हरवलं, तेव्हाही गोलमध्ये सलापूच.

मी वस्तीतल्या पोरांना शिकवतो. मोठी हार झाली की गोलकीपरला मी एकच विचारतो, अडवले किती? खाल्लेले सगळे मोजतात. अडवलेले त्या पोराशिवाय कोणालाच माहीत नसतात, आणि त्याला ते पक्के पाठ असतात. विचारून पाहा.

आणि ते शूज गॅलरीत ठेवू नका. चिखल धुऊन आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, दर दोन तासांनी बदला. पंख्याखाली. उन्हात वाळवले की तळ सुटतो.

गच्चीवरचा मामा
सर, विचारलं. आधी काही बोलला नाही. मग भिंतीकडे तोंड ठेवूनच, "अकरा." थोड्या वेळाने इकडे वळला. "मामा, एक तर पायाने. तो उजवीकडून आला न, मी पडलो होतो, तरी पाय लागला." मग उठून मला फरशीवर आडवं पाडून दाखवलं कसा लागला ते. ताई ओरडतेय, चटई तरी घाला म्हणून.

शूजमध्ये आजचा पेपर भरला. ताईने अजून वाचला नव्हता.

जर्मनीवाला
पोहे खाल्ले का त्यानं?

गच्चीवरचा मामा
गरम करून मागितले. तर्री जास्त.